मामाजींची जीप आणि देशाचं पेट्रोल

देशाचं पेट्रोल वाचावं म्हणून मी सख्ख्या मामाचा धंदा बुडवला.

तेव्हा पेट्रोल महागलं होतं आणि मी अड्याळच्या शाळेत अर्थशास्त्राचा नवाकोरा मास्तर होतो. (आज वाचलेलं उद्या गावाला शिकवायचं, हा माझा रोग!) त्यातच कोंढ्याच्या मुलीशी लग्न ठरलं. मामाजींनी आपली भाड्यानं चालवायची जीप धुतली, नवे पडदे लावले आणि दारात आणून उभी केली. त्यांचं घर त्या जीपवरच चालायचं.

"मामाजी, वऱ्हाड सायकलनं जाणार," मी जाहीर केलं. "पेट्रोल बाहेरदेशातून येते. सायकल चालवली का पैसा देशातच राह्यते!"

"अन् मी कोन्त्या देशातला आहो रे?"

मी उत्तराऐवजी भाषण केलं.

बायका सकाळीच बैलगाड्यांनी पुढे गेल्या. मागून आम्ही निघालो. वीस सायकली, सगळ्यांत पुढे बाशिंग बांधलेला मी! अर्ध्या वाटेत बाभळीचे काटे! आधी बाबांचं चाक बसलं, मग ढोलवाला ढोलासकट धानाच्या बांधीत गेला, शेवटी माझीच दोन्ही चाकं! मुहूर्त टळायची वेळ आली, तेव्हा मागून जीप आली. मामाजींचा चेहरा उतरलेला होता.

"बसा मास्तर. लग्न लागू द्या, देश मंग पाहू."

लग्न लागलं. पण गावानं काटे विसरून भाषण तेवढं लक्षात ठेवलं! वरबापांना खर्च टाळायला कारण हवंच होतं, मी त्याला देशसेवा म्हटलं होतं. पुढच्या हंगामात सगळी वऱ्हाडं सायकलींवर! पंक्चरवाल्यानं दुसरं दुकान टाकलं. मामाजींच्या जीपमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या आणि एक दिवस त्यांनी ती विकली. गिऱ्हाईक जीप घेऊन गेलं, तेव्हा मामाजी पडदे काढून हातात धरून उभे होते. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यावर जीप चालत नाही.

आता मामाजी सायकलवरच येतात. दारात घंटी वाजवतात.

"काय मास्तर, देश सुधरला काय?"

"सुधरून राहिला मामाजी! तुम्ही च्या घ्या," आतून बायको म्हणते.

मी मागच्या दारानं सटकतो. सायकल केव्हाच सोडली, शाळेत पायीच जातो; माझं पाहून शाळेतली पोरंही पायीच येऊ लागली. परवा पंक्चरवाल्यानं रस्त्यात अडवलं.

"मास्तर, आता माहा धंदा काहून बुडवून राहिले?"