उघड्या दारावरची टकटक

सोलापूरहून येणाऱ्या दुपारच्या गाडीचा कंडक्टर माझ्या दुकानापुढं कधी थांबत नाही. त्या दिवशी थांबला. पायरी न चढता, टोपी हातात घेऊन म्हणाला, "दत्तोबा, तुमचे मास्तर गेले. सकाळी, दवाखान्यातच..." माझ्या हातात दाभण होतं आणि गुडघ्यावर एका पुजाऱ्याची फाटकी वही. मला रडू यायला पाहिजे होतं. खरं सांगतो, आधी भीती वाटली. नजर गेली ती वरच्या फळीवर. तिथं मास्तरांची शेवटची वही कापडात गुंडाळून ठेवली होती, आणि ती मी अजून उघडली नव्हती.

याला आता दीड महिना झाला. पेपरच्या पुरवणीवाल्यांचा निरोप आला, अंबादास मास्तरांचे तुम्ही जवळचे, काहीतरी लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. वह्या-पोथ्या बांधणं हा माझा धंदा. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं शिवत आलो, स्वतः चार ओळी कधी लिहिल्या नाहीत. गोडही बोलता येत नाही. मास्तरांना ते ठाऊक होतं, म्हणूनच ते माझ्याकडं येत असावेत.

तुळजापुरात आमची गल्ली देवळाच्या वरच्या अंगाला. माझं पुढं दुकान, मागं घर. समोरच्या माडीवर मास्तर राहायचे. शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांचं स्वतःचं शिक्षण हैदराबादला उर्दूतून झालेलं, इंग्रजी त्यांनी आपलं आपण मिळवलं. निजामाचं राज्य जाऊन आपण पहिल्यांदा मतं टाकली, त्या दिवशी शाई लागलेलं बोट नाचवत दुकानात आले. म्हणाले, "दत्तोबा, ह्या बोटामागं दोन-अडीच हजार वर्षांचं भांडण हाय. ते मी मराठीत लिवणार." पुस्तकाचं नाव त्याच दिवशी ठरलं, 'राज्य कशाला?' पश्चिमेकडच्या शहाण्यासुरत्या लोकांनी राज्याविषयी काय काय विचार केला तो पहिल्यापासून सांगायचा, आणि शेवटी यापुढं काय, ते सांगायचं. एका प्रकरणाला एक वही. लिहून झालं की आधी मला वाचून दाखवायचं. "तुला कळलं तर गावाला कळंल," म्हणायचे. हा मान होता का टोमणा, मी कधी विचारलं नाही.

पाचला शाळा सुटायची आणि पाच-दहाला मास्तर यायचे. दुकानाचं दार सताड उघडं असायचं. मी समोर दिसत असायचो. तरी मास्तर उंबऱ्याबाहेर उभे राहून दाराच्या फळीवर दोन बोटांनी टकटक करायचे. मी दचकायचो. रोज. "अहो मास्तर, दार उघडंच हाय की! या की सरळ." ते हसायचे, भिंतीलगतच्या पेटीवर बसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टकटक.

का दचकायचो ते सांगतो. आजवर हे माझ्या बायकोला, सगुणाला, तेवढं ठाऊक होतं. ती जाऊनही नऊ वर्षं झाली.

मला हा धंदा शिकवला इमाम उस्तादांनी. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान होतं. चिकटवायची खळ कशी शिजवायची, दोऱ्याला मेण किती लावायचं, सगळं त्यांच्या हाताखाली शिकलो. इथल्या पुजाऱ्यांकडं भाविकांच्या वह्या असतात. कुठल्या गावचं कुळ, कोण कुणाचा मुलगा, कोण कधी देवीला आला, पिढ्यान्‌पिढ्यांचं लिहिलेलं असतं. त्या वह्या शिवताना उस्तादांनी एकच नियम घालून दिला होता. जे पान आलं ते शिवायचं. पान फाडायचं नाही, पान वाढवायचं नाही. कसर लागलेलं असो, डाग पडलेलं असो, त्यावर कुणाचं तरी नाव असतं.

मग ते चार दिवस आले. निजामाचं राज्य पडलं होतं आणि नवं अजून बसायचं होतं. पलटणी पुढं निघून गेलेल्या, जुने अंमलदार पळालेले. त्याआधी रझाकारांनी लोकांना लई छळलं होतं. तो राग आता, ज्यांचा काही संबंध नव्हता, अशा गरिबांवर निघत होता. भर दुपारी माझं दार वाजलं. तीनदा. "दत्तू, मैं हूं रे. दार खोल बेटा." माझा हात कडीवर होता. गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा चाललेला. उघडलं तर हे लोक आपलंही घर पेटवतील, एवढंच डोक्यात. सगुणा मागून म्हणाली, "उघडा की वो... उस्ताद हायेत." मी कडी काढली नाही. उलट दाबून धरली. मग खाली बसलो आणि दोन्ही कान गच्च झाकून घेतले. किती वेळ, सांगता येत नाही.

उस्ताद तामलवाडीच्या वाटेनं सोलापूरकडं जाताना कुणीतरी पाहिले म्हणे. नंतर मी तीनदा सोलापूरला जाऊन बांधणीवाल्यांच्या दुकानांतून चौकशी केली. पत्ता लागला नाही. ते पोचले का, हेही मला ठाऊक नाही.

तर अशा माणसाला मास्तर राज्याचं तत्त्वज्ञान वाचून दाखवत होते. मला ते आवडायला लागलं, हेही खरं. ग्रीस देशातल्या एका म्हाताऱ्याला गावानं मतं टाकून विष पाजलं, ती वही ऐकून मी चिडलो. "मतं टाकून असलंच करायचं असंल तर कशाला पाहिजे तुमचं मत?" मास्तर म्हणाले, "हेच त्याचा शिष्य जन्मभर विचारत बसला." त्या शिष्यानं मग शहाण्यांचं राज्य काढलं. त्यावर सगुणा आतून म्हणाली, "मास्तर, ही सगळी शहाणी माणसं दिवसभर बोलत बसायची, तर भाकरी कोण थापत हुतं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या वहीत दीड पान वाढवलं, तिथल्या बायकांवर आणि गुलामांवर. वाचून दाखवलं आणि म्हणाले, "वहिनी, हे तुमचं पान." ती म्हणाली, "मग चहा पण माझाच घ्या."

एक दिवस त्यांनी इंग्लंडातल्या एका माणसाची वही आणली. त्या माणसाच्या देशात यादवी माजली होती. त्याचं म्हणणं असं, की वर कुणी धनी नसला की माणूस माणसाला भितो, जो तो दुसऱ्यावर टपून असतो. ही भीती सोसवत नाही म्हणून सगळे मिळून एकाच्या हाती काठी देतात आणि मग रात्री झोपतात. राज्य म्हणजे तेवढंच. ऐकताना माझ्या हातातला दोरा तुटला. मी बोलून गेलो, "खरं लिवलंय त्यानं."

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "तुला कसं ठाऊक?"

मी तुटलेला दोरा पुन्हा ओवायला लागलो. बाहेर कुणी यात्रेकरू बांगड्यांचा भाव करत होते, ते ऐकू येत होतं. सगुणा कपबशी घेऊन मधी आली. "च्या घ्या मास्तर, निवतोय." मास्तरांनी कप उचलला. पण त्यांचे डोळे दाराच्या कडीवर गेले. मी पाहिलं ते. तेव्हापासून माझ्या मनात बसलं, की ह्यांना कळलंय. समोरच्याच माडीवर राहणारा माणूस. खिडकीतून त्यानं पाहिलं असलं तर? आणि पाहिलं असलं तर एक दिवस हा पुस्तकात लिहिणार. इतिहासाचा मास्तर तो, पुरावा सोडणार थोडाच.

पुढच्या वह्या मी अशा भीतीतच ऐकल्या. राजा नीट वागला नाही तर त्याला हाकलायचा हक्क रयतेला आहे म्हणणारे, सगळ्यांनी मिळून कायदा करावा म्हणणारे, कामकरी लोकांचं राज्य येणार म्हणणारे. मास्तर तावातावानं वाचायचे. मी फक्त वाट बघायचो, आता तुळजापूर येतं का, आता आमची गल्ली येते का. दरम्यान सगुणा गेली. जायच्या आठवडाभर आधी तिनं मला म्हटलं, "मास्तरांना सांगून टाका की एकदा. हलकं वाटंल." मी म्हटलं, "तू गप." तिच्याशी शेवटी शेवटी असं बोललो मी.

आमचा मुलूख मुंबई राज्याला जोडला, मग महाराष्ट्र झाला. मास्तर रिटायर झाले, खोकायला लागले. शेवटची वही काही पुरी होईना. 'यापुढं काय' हे त्यांना लिहवत नव्हतं. पेपरात अणुबॉम्बच्या बातम्या यायच्या. म्हणायचे, "दत्तोबा, भीती वाटती म्हणून माणसानं राज्य केलं. आता राज्याचीच भीती वाटायला लागली, तर कुठं जायचं?" मी म्हटलं, "तुमच्या साहेबांनी लिवलं असंल की कुठंतरी." ते म्हणाले, "त्यांनी दार बंद करायचं कसं ते लिवलंय. उघडायचं कसं ते मला कुठं सापडलं न्हाई."

सोलापूरच्या दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ते वही घेऊन आले. टकटक केली. बसले नाहीत. "ही शेवटची. मी हाय तोवर वाचू नको. नंतर सगळ्या वह्या एकत्र शीव आणि माझ्या मुलाकडं दे, तो छापणाराय." मी वही घेतली. कापडात गुंडाळली आणि वरच्या फळीवर ठेवली.

बारावा-तेरावा झाल्यावर मी फळीवरची वही काढली. शेजारी कागद कापायची रापी ठेवली, धार लावून. उस्तादांचा नियम मोडायचा मी ठरवलं होतं. माझं नाव ज्या पानावर असेल ते अलगद कापायचं, मुलाला काय कळतंय! पानं लावत लावत वाचत गेलो. शेवटून तिसऱ्या पानावर आमची गल्ली आली.

मास्तरांनी लिहिलं होतं, "राज्य नव्हतं अशा चार दिवसांपैकी एका दुपारी एक म्हातारा कारागीर माझ्या दाराशी आला. त्यानं कडी वाजवली. मी माडीवर होतो. मी खाली उतरलो नाही. राज्यावरची पुष्कळ पुस्तकं तेव्हा माझी वाचून झाली होती." पुढं होतं, "पुढचं राज्य कसं असेल ते मला सांगता येत नाही. एवढंच वाटतं, की जो विचार त्या दुपारी मला चार पायऱ्या उतरवू शकला नाही, तो अजून अर्धा आहे."

पुन्हा वाचलं. माझं नाव कुठं नव्हतं. मग दिसलं, "माझ्या दाराशी" च्या वरची एक ओळ गच्च खोडलेली. पान दारातल्या उजेडापुढं धरलं. 'आधी समोरच्या' एवढे दोन शब्द लागले, बाकी शाईच शाई.

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. उस्ताद माझ्या दारावरून हटले आणि गल्ली ओलांडून त्यांच्या दाराशी गेले. मी कान झाकून बसलो होतो, म्हणून ती दुसरी हाक मला ऐकू आली नाही. सगुणानं ऐकली असेल का? ती कधी बोलली नाही. आणि आम्ही दोघं बाप्ये इतकी वर्षं रोज पाचला समोरासमोर बसून ग्रीस आणि इंग्लंड करत होतो. मी त्यांना भीत होतो, ते मला भीत असतील. स्वतःचं तेवढं त्यांनी लिहिलं, माझं खोडलं.

रापी बाजूला ठेवली. वह्या शिवल्या. पान काढलं नाही, वाढवलं नाही. मुलगा येऊन पुस्तक घेऊन गेला. पण त्यात एक दार कमी आहे. उस्ताद आधी माझ्याकडं आले होते. मी त्यांचा चेला होतो, मला त्यांनी बेटा म्हटलं होतं, आणि मी उघडलं नाही. पुस्तकात वाढवायचा मला हक्क नाही, म्हणून इथं लिहिलं. उस्तादांच्या घरचं कुणी कुठं असलं आणि हे वाचलं, तर माझं दुकान त्याच जागी आहे.

लिहून हलकं वाटेल, असं सगुणा म्हणाली होती. तसं काही वाटलं नाही. राज्य पुन्हा कधी पडलं, पुन्हा तसे चार दिवस आले, तर माझा हा हात कडी काढील का दाबून धरील, ते मला आजही छातीठोक सांगता येत नाही. मास्तर असते तर विचारलं असतं, तुमचं काय हो?

मास्तरांची बसायची पेटी तिथंच आहे, भिंतीला लागून. दार दिवसभर उघडं असतं. पाच-दहा झाले की मी हातातलं काम ठेवतो, उठून उंबऱ्याबाहेर जातो आणि दाराच्या उघड्या फळीवर आपल्याच दोन बोटांनी टकटक करतो.

अजून दचकतो.