वाघिणीचा नंबर

भूत, आत्मा, अंगात येणं... यांच्याविरुद्ध पत्रकं वाटतच मी मोठी झाले. आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. त्यामुळे हे लिहू नये असंच वाटतं. तरी लिहिते — पाहिलेलं लपवणं हाही खोटेपणाच.

यंदाचा मे महिना. सेलूच्या पुढे जंगलात सिमेंटचा एक पाणवठा आहे, बशीसारखा. तो भरणारा टँकर आला नव्हता. त्यावर पत्रक काढायचं म्हणून दुपारी तीनला वनमजूर मडावीकाकांबरोबर मचाणावर बसले. पाणी जेमतेम वीतभर.

आधी रोही (नीलगाई) आले, प्याले, गेले. मग रानडुकरं. मग चितळांचा कळप झुडपाशी येऊन थांबला. एका पाडसाचे पाय लटपटत होते. पाणवठा मोकळा, तरी कुणी पुढे येईना.

"काका, हे काऊन थांबले?"

"वाघिणीचा नंबर हाय."

"कुठाय वाघीण?"

"मागच्या साली मेली. कुंपणाच्या करंटनं."

मला हसू आलं.

"हास, हास. पाण्याकडे पाह्य."

वारा नव्हता. पलीकडच्या काठाशी पाणी हलत होतं... लपलप असा सावकाश आवाज. पाणी उतरत गेलं तशी सिमेंटवर ओली रेघ उघडी पडत गेली — दहा मिनिटांत दोन बोटं. मग पाणी स्थिरावलं आणि चितळं पुढे आली.

दुसऱ्या दिवशी चार बोटं पाणी उरलं होतं. पाडस खाली बसलेलं. पुन्हा तेच थांबणं. माझं डोकं फिरलं. पाण्यावर कुणाचाही पहिला मान चालणार नाही, हे मी सभांमधून बोलत आले आहे. मेलेल्याचा तर नाहीच. आमच्या पिण्याची कॅन घेऊन मी उतरू लागले.

"नको उतरू, पोरी. त्याइचं त्याइले पाहू दे."

"ते मरून राह्यलं, काका."

"मले दिसत नाई का?"

मचाणाखालच्या घमेल्यात मी पाणी ओतलं आणि ते पाडसाजवळ नेऊन ठेवलं. कळप उधळला.

तिसऱ्या दिवशी पाडस तिथेच मेलेलं होतं. पाणवठा कोरडा. घमेलं मात्र काठोकाठ भरलेलं. 

माणसाच्या वासाने कळप पळाला, हे मला कळतं. तो दोष माझा. पण ते दोन बोटं पाणी? ऊन प्यालं म्हणावं, तर घमेल्यातलं का आटलं नाही? 

टँकर अजून आलेला नाही. पत्रकाचं पहिलं वाक्य तेवढं लिहून झालंय — 'पाण्यावर पहिला हक्क तहानलेल्याचा.' त्यातला तहानलेला कोण, ते मला आता सांगता येत नाही.