शिखरजी होईपर्यंत

निपाणीहून पार बिहारापर्यंत लॉरीनं जायचं, हा बेत माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, काढला तेव्हा आई दळत बसली होती. तिनं खुंटा सोडला नाही. दळता दळताच म्हणाली, "आन जातं?"

"जातं कशाला गं?"

"मग पीठ कुठलं खायाचं? बाजारचं?"

अण्णाला हसू आलं, पण आई थट्टा करत नव्हती. आम्ही जैन. दळलेलं पीठ आमच्यात ठरावीक दिवसच चालतं, मग ते टाकायचं. पाणी विहिरीचं, तेही फडक्यातून गाळलेलं. जेवण दिवस मावळायच्या आत. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गात यातलं काहीच पाळता येत नाही, म्हणून आईची सम्मेदशिखरजीची यात्रा राहून गेली होती. शिखरजी हा आमचा सगळ्यात मोठा डोंगर; वीस तीर्थंकर तिथून मोक्षाला गेले. आप्पा, आमचे वडील, नेतो नेतो म्हणत वारले.

अण्णाची स्वतःची लॉरी होती. निपाणीच्या वखारींतली तंबाखू भरून तो कोल्हापूर, पुणे, कधी मुंबईपर्यंत जायचा. लॉरी हव्या त्या विहिरीवर थांबते, सूर्य कलला की थांबते, चूल मांडायला सांगाल तिथं थांबते. आईला शिखरजीला न्यायचा दुसरा मार्ग नव्हता.

परतीच्या खेपेला अण्णा रिकाम्या गोणपाटात गुंडाळून माझ्यासाठी स्वातंत्र्याच्या चळवळीची पत्रकं आणायचा. माझी शाळा लवकर सुटली. पुढचं सगळं मी त्या चोरून छापलेल्या, शाई फुटलेल्या कागदांवर शिकले. माफी मागू नका, कर देऊ नका, दिलेला शब्द जीव गेला तरी गिळू नका. तंबाखूनं ठसका लागायचा आणि डोळ्यांतून पाणी यायचं. ते पाणी नेमकं कशाचं, हे मला तेव्हा कळत नसे.

सोप्यातल्या सारवलेल्या जमिनीवर अण्णानं खडूनं रस्ता काढला. कोल्हापूर, सातारा, पुणे, नाशिक, धुळे, मग नर्मदा ओलांडून इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा. तिथून काशी आणि काशीवरून शिखरजी. रोज त्यात भर पडायची. घाट कुठं, पेट्रोल कुठं, पूल नसलेली नदी कुठली, हे अण्णा दाखवायचा. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण नाशिकजवळ गजपंथा, नर्मदेच्या अलीकडं बावनगजा, ग्वाल्हेरजवळ सोनागिरी ही क्षेत्रं ती बोट ठेवून सांगायची. आणि मी त्याच रेषेवर तुरुंग शोधायचे. येरवडा रस्त्यातच होता. बाहेरून का होईना, त्या भिंती बघायच्या असं मी ठरवलं होतं. एकाच खडूच्या रेषेवर आमच्या तिघांचे तीन देश होते आणि तिघंही त्यात मनापासून हिंडत होतो. पुढं जे झालं त्यामुळं तो आनंद खोटा ठरत नाही. ते दिवस आम्ही सुखात काढले.

शेजारच्या आक्का उंबऱ्यात उभ्या राहून आईला म्हणायच्या, "जात्यासंगं उखळ बी घे गं. आन परसातली हीर मावती का बघ गाडीत."

"मावली असती तर घेतली असती," आई म्हणायची.

त्या वर्षी एका मुनिमहाराजांचा चातुर्मास सदलग्यात होता. मुनी पावसाचे चार महिने एका गावात राहतात आणि मग पायी पुढं निघतात; वाहनात कधी बसत नाहीत. यात्रेआधी त्यांच्यासमोर एखादं व्रत घ्यायची आमच्याकडं रीत आहे. कुणी तूप सोडतं, कुणी साखर. घेताना मुदत सांगायची असते. महिना, सहा महिने, वर्ष. मुदत भरली की माणूस मोकळं होतं. रीत घालून देणाऱ्यांना माणसाचं आयुष्य ठाऊक होतं.

आईनं श्रीफळ ठेवलं, हात जोडले आणि सांगितलं की मी दिवसातून एकदाच जेवीन आणि त्यात मीठ, तूप, दूध घेणार नाही. महाराजांनी कानडीत विचारलं, किती दिवसांचं? सगळे जण विचार करूनच उत्तर देतात. आईनं केला नाही. लॉरी दारात होती, रस्ता जमिनीवर काढलेला होता, दिवाळीनंतर निघायचं होतं. तिच्या तोंडावर एवढा आनंद होता की मुदत सांगणं तिला बहुतेक कद्रूपणाचं वाटलं असावं.

ती म्हणाली, "शिखरजीचं दर्शन होईपर्यंत."

 महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला.

निघायच्या दिवशी लॉरी आधी दक्षिणेला वळवली. निपाणीच्या खाली तवंदीच्या घाटात स्तवनिधीचं देऊळ आहे. तिथं पाया पडल्याशिवाय आमच्यातलं कुणी मोठ्या कामाला निघत नाही. आक्का ओरडल्या, "शिखरजी तिकडं वर, आन तुमी खाली कुठं?" आई पुढच्या बैठकीवर होती. आयुष्यात ती बैलगाडीतूनच फिरली होती. लॉरीनं वेग धरला तशी ती खिडकीच्या चौकटीला घट्ट धरून हसायला लागली.

"झाडं कशी पळाल्यात रं अण्णा! लई पळाल्यात!"

"नाशकापतूर अशीच पळत्यात बघ," अण्णा म्हणाला.

देवळात दर्शन झालं. विहिरीचं पाणी गाळलं, चूल मांडली, जेवणं झाली. आईनं बिनमिठाची आमटी आणि भाकरी अशी खाल्ली की मलाच तोंडाला पाणी सुटलं. बाहेर आलो तर रस्त्यावर पोलीस उभे होते. लढाईसाठी लॉऱ्या ताब्यात घेणं चालू होतं. बेळगावहून येणाऱ्या दोन लॉऱ्या आधीच कडेला लावलेल्या होत्या. अण्णानं कागद दाखवले, हात जोडले, यात्रा म्हणून सांगितलं. मी त्याच्या आणि हवालदाराच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"कुणाची लढाई? आम्हाला विचारून सुरू केलीत काय?"

हवालदार थकलेला होता, आमच्याच भागातला. "ताई, मला तरी कुणी विचारलंय? सामान उतरवा. ते जातं बी उतरवा. सरकारला जातं नको हाय."

जातं उतरवायला दोन माणसं लागली. लॉरी गेली. रस्त्याच्या कडेला जात्याचे दोन दगड, पिठाचा डबा, गाळायची फडकी, आणि त्यांच्याजवळ आम्ही तिघं. काशीपलीकडं जायला निघालेलो आम्ही घरापासून हाकेवर, तेही उलट्या दिशेला, अडकून बसलो होतो. संध्याकाळी एका शेतकऱ्याच्या बैलगाडीतून परत आलो.  झाडं आता पळत नव्हती.

मला वाटलं होतं की व्रत तिथं संपलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या ताटात मीठ वाढलं. तिनं ताट बाजूला सारलं आणि दुसरं घेतलं.

त्यानंतर आम्ही रेल्वेनं जायचंही ठरवलं. आई म्हणाली, चार दिवस उपाशी राहीन, पण जाऊ या. मिरजेच्या फलाटावर दिवसभर उभे राहिलो. गाड्या शिपायांनी भरून यायच्या आणि तशाच निघून जायच्या. भिंतीवर फलक होता की नडीचं काम असल्याशिवाय प्रवास करू नये. तो मी आईला वाचून दाखवला नाही. पेट्रोल मिळेना, म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणारी एक मोटार अण्णानं भाड्यानं आणून पाहिली. ती कागलच्या पुढं जाईना.

वर्ष सरलं आणि आईचे हात बारीक झाले. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. भर दुपारी जेवायची आणि मग दुसऱ्या दुपारपर्यंत काही नाही. उठताना भिंत धरायची. वैद्य म्हणाले, हिला दूध-तूप मिळालं नाही तर औषधाचा उपयोग नाही.

मी भांडले. मला भांडताच येतं. "देवाला तुझ्या मिठाचं काय पडलंय? गाडी सरकारनं नेली. त्यात तुझा काय दोष?"

आई शांतपणे म्हणाली, "तुझ्या त्या कागदात काय लिवलंय? तूच वाचतीस की मोठ्यानं. जीव गेला तरी शब्द गिळू नगा म्हणून. ते काय दुसऱ्यांसाठीच व्हय?"

 तुरुंगात अन्न सोडून बसलेल्या माणसांच्या बातम्यांनी माझं रक्त उसळायचं. त्याच जातीचं माणूस माझ्या स्वयंपाकघरात भिंत धरून उभं होतं आणि मी त्याला दूध पी म्हणत होते. पत्रकांत यावर एक ओळही नव्हती.

अण्णानं महाराजांचा माग काढला. ते चिकोडीच्या पुढं, मग कृष्णेपलीकडं गेलेले. अण्णा बैलगाडीनं, मग पायी, गावोगाव विचारत गेला आणि अखेर त्यांना गाठलं. महाराजांना आई आठवत होती. ते म्हणाले, प्रायश्चित्त देऊन मोकळं करता येतं, पण मागणी तिच्याच तोंडून आली पाहिजे. अण्णा आनंदानं परत आला.

"चल आई, गाडी जुपतो. नुसतं एकदा म्हण म्हाराजांम्होरं."

"काय म्हणू?"

"व्हत न्हाय म्हण."

"व्हतंय की," आई म्हणाली. "मी जेवती न्हवं रोज?"

अण्णा उठून बाहेर गेला. बराच वेळ तो रिकाम्या जागी उभा होता, जिथं पूर्वी लॉरी लावायचा.

लढाई संपली. लष्करानं काढून टाकलेल्या गाड्यांच्या लिलावातून अण्णानं एक लॉरी आणली. तिच्या दारावर अजून लष्करी रंग होता. पण तेव्हा बिहारातून दंगलींच्या बातम्या येत होत्या, आणि कुठलाही लॉरीवाला त्या रस्त्याला जायला राजी नव्हता. मग स्वातंत्र्य आलं. ज्यासाठी मी लहानपणापासून ठसकत वाचलं होतं, ते आलं. गावात पेढे वाटले. मी झेंड्यापुढं ओरडून ओरडून घसा बसवला आणि एक पेढा घेऊन घरी आले. आईनं तो हातात घेतला, वास घेतला आणि माझ्याच तोंडात घातला. पेढ्यात दूध असतं, हे मी विसरले होते. माझा देश मोकळा झाला त्या दिवशी माझ्या आईला एक पेढा खाता आला नाही, आणि यात दोष कुणाला द्यायचा ते मला आजही ठरवता येत नाही. सरकार गेलं होतं. ओरडायला समोर कुणी उरलं नव्हतं.

दिवाळीनंतर अण्णानं लॉरी दारात लावली. आईला उचलून बैठकीवर बसवलं, पाठीला गाद्या लावल्या. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. एवढ्या धक्क्यांनी तिचा चेहरा पांढरा पडला. वैद्यांनी सांगितलं, कोल्हापूरसुद्धा गाठणार नाही. अण्णानं तिला परत आत आणून झोपवलं.

तेव्हापासून तिच्या जेवणाच्या वेळी मी जवळ बसते. जेवण म्हणजे आता भाताची पेज. ती म्हणते, "कुठं आलो?" आणि मी रस्ता सांगते. मी यातलं काही पाहिलेलं नाही. अण्णानं सांगितलेलं, छापलेलं वाचलेलं, उरलेलं मनचं. आज तापी ओलांडली. आज घाट लागला, अण्णानं गाडी हळू घेतली. आज नर्मदा, पाणी असं की तळ दिसतो.

"गाळून घेतलंस न्हवं?"

"घेतलं."

"दिवस किती हाय?"

"हाय अजून हातभर. चूल पेटवलीय."

मग ती एक घोट घेते. येरवड्यापाशी मी जरा जास्त रेंगाळते तेव्हा म्हणते, "तुझा तुरुंग बघून झाला असंल तर निघू या." असं करत आम्ही आग्र्याला गेलो, गंगा पाहिली, काशी मागं टाकली.

गेल्या आठवड्यात माझ्या मनानं एक घेतलं. ते मी अण्णालाही सांगितलं नाही. फडताळात दुधाची वाटी झाकून ठेवली आणि आईजवळ बसून म्हणाले, "आई, डोंगर दिसाय लागला. पहाट हाय. लोक चढायला लागल्यात. तुला डोली केलीय. पहिलं टोक दिसतंय, तिथं तीर्थंकरांची पावलं..."

तिनं माझं मनगट धरलं. तिच्या हातात एवढी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"थांब."

मी थांबले.

"तिथं नुसतं बोलून जायचं न्हाय," ती म्हणाली. दर्शन झालं म्हणून दूध पाजायचा माझा डाव तिला कळला होता. रागावली मात्र नव्हती.  तिनं मनगट सोडलं आणि म्हणाली, "निपाणीपासनं सांग परत."

मी उठून वाटीतलं दूध मांजराला घातलं, पेजेचं भांडं घेतलं आणि परत येऊन बसले.

"निघालो," मी म्हणाले. "आधी स्तवनिधीला."

"जातं घेतलं?"

"घेतलं."