पलंगापासून दारापर्यंत

गल्लीत लहानथोर सगळे तिला वहिनीच म्हणत. वहिनीचं घर म्हणजे दोन खोल्या आणि चिंचोळं स्वयंपाकघर. पण त्या एवढ्याशा जागेत एक वाट होती आणि ती फक्त तिला आणि सासूबाईंनाच ठाऊक होती. सासूबाईंची दृष्टी काचबिंदूने गेली त्याला चार वर्षं झाली होती. पलंगाचा कठडा सुटला की कपाटाची कड, मग टेबलाचा कोपरा, मग खुर्चीची पाठ, की आलंच दार. अकरा पावलं. काठी नको, कुणाचा हात नको. मात्र वाटेतली एखादी वस्तू वीतभर सरकली तरी घात.

म्हणूनच सुट्टीतले पाहुणे यायच्या आधीची मोठी झाडलोट वहिनी दुसऱ्या कुणावर सोपवत नसे. नवरा टपाल कचेरीत गेला की आधी कपाट, टेबल, खुर्चीच्या प्रत्येक पायाभोवती फरशीवर खडूने रेघ ओढायची, मग सामान हलवून कोपरे खरवडायचे, जळमटं काढायची. सगळं रेघेत परत बसलं की शेवटी फडका. तोंडाने देवाचं नाव चालूच.

यंदा मात्र नाव घेतानाही चुकत होतं. चार वाजता थोरली नणंद येणार होती. मागच्या वर्षी वाटेत राहिलेल्या स्टुलाला अडखळून सासूबाईंचं मनगट मोडलं, तेव्हा नणंदेने फोनवर सांगितलं होतं, "पुन्हा आई पडली, तर मी विचारायला येणार नाही, न्यायला येईन." नणंद बोलली की करणारच. सासूबाईंनी तर त्याचा धसकाच घेतला होता. "तिकडे मला फुलासारखं ठेवतील गं," त्या म्हणत, "पण एका जागी ठेवतील."

धुळीचा त्रास नको म्हणून वहिनीने त्यांना खालच्या शेजारणीकडे बसवलं होतं. रेघा ओढून, सामान हलवून झाल्यावर ती गच्चीवर गेली आणि वाळलेले पडदे घेऊन खाली आली, तर दारातच थबकली. फरशी लखलखत होती. नवरा अर्धी रजा टाकून घरी आला होता आणि बाही सारून, हातात फडका घेऊन उभा होता.

"बघ! आरसा केलाय नुसता. तोंड बघून घे."

"अहो, रेघा?"

"ते खडूचे डाग? घासून घासून खांदे गेले माझे."

वहिनीच्या हातातले पडदे तिथेच गळाले. सवातीन वाजले होते. कपाट भिंतीपासून सुटलेलं, टेबल आडवं, खुर्ची खिडकीपाशी. काय बिघडलं ते कळल्यावर नवऱ्याचा चेहरा उतरला. "अंदाजाने लावू की!"

अंदाजाने लावलं. मग वहिनी डोळे मिटून कठड्यापासून निघाली आणि चौथ्याच पावलाला टेबलाचा कोपरा मांडीत घुसला. डोळ्यांत पाणी आलं, ते काही कोपऱ्यामुळे नव्हे.

"आईंनाच घेऊन येते."

"आत्ता? हा पसारा? ताई येऊन बघेल तर..."

"बघू दे. घर उद्याही आवरता येईल."

वर आल्यावर सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि लेकाला एवढंच म्हणाल्या, "शहाणा आहेस. पण अर्धीच रजा टाकत जा, पूर्ण नको." मग कठडा धरून त्या उभ्या राहिल्या, एक पाऊल टाकलं, हात पुढे केला. "कपाट अजून अलीकडे. अजून. हां, थांब. हे माझं कपाट." लेक ढकलत होता, वहिनी पायाशी वाकून सरकवत होती. टेबलाला चार वेळा इकडेतिकडे करावं लागलं. पावलं मोजताना सासूबाईंचा आवाज ठाम होता.

खुर्ची तेवढी राहिली आणि दाराची घंटा वाजली. घड्याळात पावणेचार.

"उघडतो," नवरा म्हणाला.

"कुणी हलायचं नाही. मी उघडणार," सासूबाई म्हणाल्या.

टेबलाचा कोपरा सोडून त्या पुढे झाल्या. हात रिकाम्या हवेत गेला. घंटा पुन्हा वाजली. सासूबाई तशाच उभ्या राहिल्या, हात न हलवता. "आण. माझ्या हाताखाली आण." वहिनीने खुर्ची उचलून अलगद त्या हाताखाली सरकवली. बोटं पाठीवर टेकली. आणखी तीन पावलं, आणि कडी निघाली.

"अगं बाई! आई, तू एकटी दारापर्यंत आलीस?" नणंद दारातच उभी राहिली.

"मग काय, वाजंत्री लावून येऊ?"

नणंद आत आली. तिची नजर पडद्यांच्या ढिगावरून, कोपऱ्यातल्या केरावरून फिरली. "वहिनी, घर बदलताय की काय?" म्हणत तिने जड बॅग टेबल आणि खुर्चीच्या मध्ये टेकवली.

"ताई, बॅग उचला! आधी उचला ती!"

बावीस वर्षांत वहिनीचा आवाज नणंदेवर चढला नव्हता. नवऱ्याने डोळे मिटून घेतले. नणंदेचा चेहरा लाल झाला, काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलंही; पण तेवढ्यात सासूबाई वळल्या होत्या आणि खुर्चीची पाठ सोडून थेट त्या बॅगेच्याच दिशेने पाऊल टाकत होत्या. नणंदेने झडप घालून बॅग छातीशी धरली. आई तिच्या समोरून गेली. टेबल, कपाट, कठडा. पलंगावर बसेपर्यंत नणंद बॅग कवटाळून उभीच होती.

"कुठे ठेवू ही?" तिने हळूच विचारलं.

"दारामागे," वहिनी म्हणाली.

"आणि चपला?"

"चपला, पिशव्या आणि मला न्यायचा विषय," पलंगावरून उत्तर आलं, "सगळं दाराबाहेर."

नणंदेने आईकडे पाहिलं, मग वहिनीकडे. तिने उंबऱ्याशी वाकून चपला उचलल्या आणि बाहेर नेऊन ठेवल्या.