अर्धं संत्रं

उशिरा जुळणाऱ्या प्रेमाच्या नाटकांवर मी अकोल्याच्या एका दैनिकात वर्षानुवर्षं कडक परीक्षणं लिहिली. चाळीस वर्षांनी दोघं भेटतात, रडतात, पडदा पडतो. मला चीड यायची. माणसं अशी थांबत नसतात.

गेल्या हिवाळ्यात अमरावतीला हौशी नाट्यस्पर्धेत असंच एक नाटक पाहत होते. म्हातारा नायक नायिकेला म्हणाला, "त्या दिवशी मी धामणगावच्या स्टेशनवर आलो होतो. पुलावर उभा होतो. तू अर्धं संत्रं खाल्लंस आणि अर्धं माझ्यासाठी रुमालात बांधून ठेवलंस."

माझं पेन थांबलं. विसाव्या वर्षी मी धामणगावच्या फलाटावर एका मुलाची संध्याकाळपर्यंत वाट पाहिली होती. तो आला नाही. रुमालातलं अर्धं संत्रं मी परतीच्या गाडीतून फेकून दिलं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

नाटक संपल्यावर तडक रंगपटात गेले. लेखिका, कॉलेजातली पोरगी, गोंधळून म्हणाली, "मॅडम, संत्र्याचं मी लिहिलंच नाही."

नायकाचं काम केलेले नट तोंडाचा रंग पुसत बसले होते; ते माझ्यावरच उखडले. "मी असं बोललो? कावून बोलीन बाई? माह्या पार्टात संत्रंच नाही."

घरी येऊन मी नेहमीसारखंच कडक परीक्षण लिहिलं. शेवटी ताकीद दिली: नायकाने पदरचं काही बोलू नये. बोलायचंच होतं, तर तेव्हाच बोलायचं होतं.