दोन ताटं

धरणाच्या वसाहतीतला कंपाउंडर एरवी हत्तीलाही डोळे वटारून सुई टोचेल, पण नाताळच्या दिवशी तोच आमच्यापुढं बुजायचा. सकाळी आम्हा गावकऱ्यांना तो धरणाच्या भिंतीवर फिरवून आणायचा आणि मग घरी फराळाला बसवायचा. करंज्या अशा खुसखुशीत, की इथं एक मोडली तर पार पौड गावातली कुत्री जागी व्हावीत! शेजारी मात्र न सोललेल्या केळ्यांचं दुसरं ताट. ख्रिस्ती घरचं शिजलेलं आमच्यात चालत नसे, फळ चालायचं. म्हणून ही सोय. मग दाराला टेकून, ओठ चावत, कुणाचा हात कुठं जातोय ते तो बघायचा.

"घ्या की, लाजताय काय?" हे तो शंभरदा म्हणायचा. कुठल्या ताटातलं, ते कधीच नाही.

एका वर्षी नेहमीसारखी सगळ्यांनी केळीच खाल्ली आणि सगळे अंगणात गेले. मी मागं राहिलो. अंगणाकडं एकदा बघून घेतलं आणि डोळे मिटून अख्खी करंजी खाल्ली.

कंपाउंडर दारातून पुढं आला. एक केळं सोलून माझ्या हातात देत हळूच म्हणाला, "भाऊ, हे बी खावा. घरी इचारलं तर खोटं बोलाया नको."