मैत्रिणीविषयी विचारलं तेव्हा

ती आणि मी एकाच दिवशी एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. पुण्यात तेव्हा काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. मी येरवड्याची, वडील टपाल खात्यात. ती कात्रजची, वडील दूध डेअरीत. दोघींच्याही घरात इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून पहिले काही महिने आम्ही कॅन्टीनमध्ये एकमेकींवरच सराव करायचो आणि अडलं की मराठीत हसायचो.

पंधरा वर्षं आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी होत्या. बढत्या मागेपुढे मिळत गेल्या. मला आधी मिळाली की ती मनापासून खूश व्हायची. तिला आधी मिळाली की मला दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही.

एका सोमवारी चहा घेताना ती म्हणाली, "मी राजीनामा दिला. घरच्यांच्या आधी तुलाच सांगतेय. लाइफ कोच होणार आहे."

"म्हणजे नक्की काय करणार?"

"लोकांचं ऐकणार. त्यांना नीट प्रश्न विचारणार."

"ते तर माझ्या सासूबाई फुकट करतात."

ती हसली. मला हसू आलं नाही.

त्या आठवड्यात भेटेल त्याला मी सांगत सुटले, की तिला वेड लागलंय. वर्षभरात ती तोंडघशी पडेल, परत येईल आणि मग मी वरिष्ठांकडे तिच्यासाठी शब्द टाकीन, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. आज लिहायला लाज वाटते, पण मी त्या दिवसाची वाट बघत होते.

ती पडली नाही. सुरुवातीला सकाळी एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची, दुपारनंतर हे काम. मग नारायण पेठेत एका बाइंडिंगच्या दुकानावरची छोटी खोली तिनं भाड्यानं घेतली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा जिन्यात एक निवृत्त गृहस्थ बसले होते. मला म्हणाले, "आपणही मॅडमकडे का? मी मुलाशी चार वर्षं बोलत नव्हतो. यांच्यामुळे बोललो." मी मान हलवली. माझ्या हाताखाली तीस माणसं होती, पण मला भेटायला कुणी आपणहून जिना चढून आलेलं नव्हतं. खोलीत ती सुती साडी नेसून बसली होती आणि कधी नव्हे इतकी चांगली दिसत होती.

तिचं काय, तिचा नवरा भक्कम कमावतो, असं म्हणायची सोय असती तर मला बरं वाटलं असतं. पण तिचा नवरा शाळामास्तर. जे तिनं केलं ते मलाही करता आलं असतं, फक्त माझ्यात ती हिंमत नव्हती. हे एकदा कळल्यावर माझा हेवा अजूनच वाढला.

त्याच सुमारास माझ्या एका जुन्या साहेबांचा फोन आला. ते दुसऱ्या कंपनीत गेले होते, तिनं त्यांच्या हाताखाली कधी काम केलं नव्हतं. "आमच्या मॅनेजर लोकांसाठी कोच हवाय. तुझ्या मैत्रिणीचं नाव आलंय. कशी आहे?"

"माणूस म्हणून उत्तम आहे, सर."

"आणि कामाला?"

मी जरा थांबले. त्या थांबण्याचा अर्थ त्यांना कळावा म्हणूनच थांबले.

"तिचं मन एका गोष्टीत फार दिवस रमत नाही."

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. पंधरा वर्षं एका जागी बसून काम केलेल्या बाईविषयी मी हे बोलले होते. त्या दुपारी मी डबा चाटूनपुसून खाल्ला.

महिन्याभरानं तिचा फोन आला. "एक मोठं काम जवळजवळ ठरलं होतं गं, अचानक गप्पच झाले. माझंच काहीतरी चुकलं असणार. तू जरा माझा प्रस्ताव वाचून बघशील?"

ती स्वतःची चूक शोधत बसली आहे, हे मला सहन होईना. शनिवारी सकाळी नारायण पेठेत गेले आणि तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं.

ती अगदी शांतपणे म्हणाली, "ते बोलताना तुला काय वाटत होतं?"

"हा कोचचा आवाज माझ्याशी नको काढूस."

तिनं उठून खिडकी लावली. "मग ऐक. नालायक आहेस तू. महिनाभर मी तो प्रस्ताव उलटासुलटा वाचतेय. का बोललीस असं?"

"तुझा हेवा वाटतो म्हणून."

"हेवा कुणाला वाटत नाही? मी विचारतेय, खोटं का बोललीस?"

"तू पडत नव्हतीस म्हणून," मी म्हणाले. याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

"आता जा," ती म्हणाली. "माझ्याकडे माणसं यायची वेळ झाली."

खाली रस्त्यावर उभी राहून मी साहेबांना फोन केला आणि खोटं बोलल्याचं कबूल केलं. एरवी ते मला 'तू' म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "तुम्ही आता सांगून काय उपयोग? काम दुसऱ्यांना दिलंय." आणि फोन ठेवला.

त्यानंतर आठ महिने ती माझ्याशी बोलली नाही. मग तिचे वडील गेल्याचं कळलं आणि मी कात्रजला गेले. घर माणसांनी भरलेलं होतं. तिनं मला दारात बघितलं. मग शेजारणीच्या हातातली चहाची किटली घेऊन माझ्याकडे दिली. "बाहेर बसलेल्यांना दे," एवढंच म्हणाली. मी दुपारपर्यंत चहा देत होते.

आता आमचं बोलणं आहे. पण कुठलंही काम पक्कं होईपर्यंत ती मला सांगत नाही, आणि तिचं बरोबरच आहे. मी अजून त्याच कंपनीत आहे. गेल्या महिन्यात तिनं कामासाठी मोठी जागा घेतली. मला चार दिवसांनी कळवलं. मी अभिनंदन लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पाठवलं. त्यातलं निम्मं तरी मनापासून होतं.